पोकरणच्या वाळूत सोनीयाडीला मिळालेल्या माहेराबाबत

प्रति,
माननीय संपादक साहेब व या सदराचे समस्त सुज्ञ वाचक यांचे सेवेशी,

अर्जदार : मारोती किशन वाठोरे, वय बावन्न, धंदा अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, लिंबाखालचे टेबल, हदगाव, जिल्हा नांदेड. शिक्षण नववी, परंतु अनुभव दांडगा.
जिच्याबाबत घडले ती : सोनीबाई राठोड. हिला सारा तांडा आणि आम्हीही ‘याडी’ म्हणतो. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.
साक्षीदार : एक, गोवर्धन राठोड, याडीचा मुलगा, जीपमालक व चालक, अर्जदाराचा बालमित्र. दोन, सौ. शोभाबाई, अर्जदाराची पत्नी.
काळ : मागील दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झाल्यावर. भर दुपार.
ठिकाण : राजस्थानात पोकरणच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, एका तळ्याचा काठ.

कारणे अर्ज सादर करतो की, सदर अर्जदार भूतखेत, भानामती, अंगात येणे यांपैकी कशावरही विश्वास ठेवीत नाही. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि त्या नुसत्या भिंतीवर नाहीत. शेजाऱ्याने करणी केली, तक्रार लिहून द्या, असे म्हणणारे माझ्या टेबलाशी येतात. त्यांना मी चहा पाजून परत पाठवितो. तरीही खालील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

मूळ कारण याडीचे माहेर. ते सगळे गाव धरणाच्या पाण्यात गेले. भाऊ पांगले, बहिणी एकेक करून वारल्या. आता बंजारा बायांची एक रीत वाचकांस सांगणे आवश्यक आहे. फार दिवसांनी माहेरची बाई भेटली की त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात, रडतात आणि रडता रडता गातात. कोण गेले, कोण जन्मले, गाय व्याली का... सगळी खबर त्या गाण्यात. त्याला ढावलो म्हणतात. परक्या बाईशी कोणी ढावलो करीत नाही.

“रडाया गळाच न्हाई राहिला मला,” असे याडी उन्हाळ्यात एकदा म्हणाली. त्यातच नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेलीही जाईल. तेव्हा तिने गोवर्धनपाशी हट्ट धरला — “आपले लोक मारवाडातून आले म्हंतेत. काळोख व्हायच्या आधी थे दाखव मला. आता तेच माझं माहेर.”

“याडी, शेकडो वर्षं झाली. तिथं कोन वळखतंय आपल्याला?”

“माहेराला जायाला वळख दाखवा लागते व्हय रे?”

गोवर्धन जीप घेऊन माझ्या टेबलाशी आला. “चला वकीलसाहेब. परराज्यात कोनी अडवलं तर अर्ज कोन लिहील?” मी कामाचा भार सांगितला. तेवढ्यात डबा घेऊन आलेली शोभा म्हणाली, “कामाचा भार! सकाळधरनं माश्या मारून राहिलेत. मी पन येते, भाऊ.” अशा प्रकारे प्रवासाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

आणि काय तो प्रवास, साहेब! अकोल्यापुढे सातपुड्याचा घाट, सागाची पाने वाळून तांबडी झालेली. इंदूरला पोहे-जिलबी. उदयपूरच्या पुढे अरवलीचे डोंगर सुरू झाले. रस्ता असा वळणे घेतो की पुढची गाडी आपल्या डोक्यावरून चालल्यासारखी वाटते. कठड्यावर वानरे रांगेत बसलेली, वळणावळणावर बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन उभ्या. शोभा दर वळणाला ओरडे, “थांबा, फोटो!” गोवर्धन एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने सीताफळ खाई आणि बिया खिडकीबाहेर टाकी.

याडीला धूसर दिसे. ती सारखी विचारी, “आता काय आलं?” मी रीतसर सांगू लागलो, “उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, पुढे सरकारी रस्ता...”

“मारोती, जमिनीची रजिस्ट्री वाचून राहिला का रे? शोभे, तू सांग.”

मग शोभा सांगे. ढग कसा डोंगराला टेकला आहे, वानराचे पिल्लू आईच्या पोटाला कसे चिकटले आहे. याडी खुदखुदून हसे. माझ्या बायकोला इतके चांगले बोलता येते, हे मला त्या घाटात समजले.

जोधपूरनंतर डोंगर संपले. जमीन सपाट झाली, रंग कोरड्या भाकरीसारखा. रस्त्यावर वाळू सापासारखी सरपटत होती. पोकरण मागे पडल्यावर त्या सगळ्या पिवळ्यात एकदम हिरवा ठिपका दिसला. झाडे, मोर, उंट आणि मध्ये निळे तळे. गोवर्धनने कोणाला न विचारता जीप आत घातली.

काठावर लाल ओढणीची एक म्हातारी बाई घागर भरत होती. याडी खाली उतरली, तिला पाण्याला हात लावायचा होता. पाच-सहा पावले गेली आणि थबकली. मग हातातली काठी टाकून, दोन्ही हात पसरून ती सरळ त्या बाईच्या गळ्यात पडली... आणि ढावलो सुरू केला!

“याडी! अवो, थे दुसरी बाई हाय!” गोवर्धन धावला. लाल ओढणी धूसर दिसली आणि याडीला मेलेली बहीणच वाटली, हे उघड होते. मी मनातल्या मनात हिंदीत माफीचा मसुदा तयार करू लागलो.

बाई ताठ उभी होती. तिने घागर सावकाश खाली ठेवली. याडीच्या पाठीवर हात ठेवला. आणि याडी श्वास घ्यायला थांबली तिथून पुढची ओळ त्या बाईने उचलली! तीच चाल. तोच हुंदका. आणि त्या ओळीत ती म्हणाली, “म्हारी उंबरी, इतक्या उशिरा का आलीस?”

गोवर्धन माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. उंबरी कोण?

याडी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. नंतर तिने सांगितले की ती उंबराच्या झाडाखाली जन्मली, म्हणून तिची आई तिला उंबरी म्हणे. आई गेल्यावर ते नाव कोणी घेतले नाही. “तुझ्या बापालाबी ठाऊक नव्हतं,” ती गोवर्धनला म्हणाली.

त्या बाईची सून पळत आली. ती हिंदीत म्हणाली की आम्ही बंजारा नाही, जाट आहोत. भेटल्यावर असे रडायची आमच्यात रीतच नाही, आणि सासूबाईंना गाताना मी आजवर ऐकले नाही. मी तिथेच वाळूत मांडी घालून सासूबाईंची उलटतपासणी घेतली. नाव कुठून आले? “म्हनै ठा कोनी,” ती म्हणाली, म्हणजे मला ठाऊक नाही. तोंडात आले. उंबर म्हणजे काय? तिला ठाऊक नव्हते. शोभाने फोनवर झाडाचा फोटो दाखविला. तिने मान हलविली, असले झाड तिने जन्मात पाहिले नव्हते.

“बास करा आता,” शोभा मला म्हणाली. “आरोपी हाय का ती?”

मग जेवणे झाली. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, ताक. आम्ही आमचे ज्वारीचे धपाटे काढले. सून सगळे संपवून आणखी आहेत का विचारू लागली. दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून तळ्याकाठी बसल्या होत्या. एक गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोले, दुसरी मारवाडी, आणि दोघींचे काही अडत नव्हते. ऊन उतरल्यावर निघालो तेव्हा त्या बाईने याडीच्या ओटीत गूळ घातला आणि खांद्यावर नवी ओढणी टाकली, लेकीला निरोप देतात तशी. जोधपूरपर्यंत याडी गाणी म्हणत होती. गोवर्धन डोळे पुशीत गाडी चालवीत होता आणि म्हणत होता, वाळू जाऊन राहिली डोळ्यात. काचा बंद होत्या, हे मी नमूद करतो.

मी सर्व बाजूंनी विचार केला आहे. दोन्ही बोली जवळच्या, त्यामुळे शब्द कळले असतील, हे मान्य. रडण्याच्या चाली सगळीकडे सारख्या असतील, हेही मान्य. परंतु नाव? ज्या नावाला या जगात कोणी साक्षीदार उरला नव्हता, ते नाव? त्याचा खुलासा मजजवळ आजही नाही.

याडीची नजर आता जवळजवळ गेली आहे. दर पंधरवड्याला सून तिकडून फोन लावून देते. याडी फोन गालाला लावून बसते. तांड्यातल्या बायांना ती सांगते, “माहेरहून फोन हाय, गलका करू नका.”

सबब विनंती की, वाचकांपैकी कोणास सदर प्रकाराचा शास्त्रीय खुलासा माहीत असल्यास त्यांनी तो लेखी द्यावा. मी तो मोकळ्या मनाने वाचीन. मात्र त्या खुलाशाप्रमाणे ती बाई सोनीयाडीची कोणीच लागत नाही असे सिद्ध होत असेल, तर उत्तर फक्त माझ्या नावे पाठवावे. तांड्यावर पाठवू नये.

आपला विश्वासू,
मारोती किशन वाठोरे
अर्जनवीस, हदगाव