पाय वर घेऊन बसणारा शेजारी

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीत आमच्या कुंपणापलीकडे पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशातला माणूस राहतो. चालताना तो पाय किंचित उचलून टाकतो, पाण्यातून चालल्यासारखा. कुठे उगाच जळणारा दिवा दिसला की मालवतो, आमचासुद्धा. “आमच्या देशाने जगाला धूर कमी करायचा शब्द दिलाय, मेट,” म्हणतो.

मी आकड्यांचा माणूस. एकदा म्हटलं, “अरे, तुमच्या अख्ख्या देशाचा धूर तो केवढा! चढत्या समुद्राला कळणारसुद्धा नाही.”

“नसेल कळत. पण शब्द समुद्राला थोडाच दिलाय?” तो हसला.

परवा संध्याकाळी तो दारात आला. तिकडे बेटावर भरतीचं पाणी त्याच्या आईच्या घरात शिरलं होतं. “सरकार बंधारा बांधणार आहे. तोवर पलंग विटांवर चढवलाय म्हणते. इकडे ये म्हटलं, तर नको म्हणते.” सांगता सांगता त्याचा हात सवयीने आमच्या व्हरांड्यातल्या बटणाकडे गेला आणि त्याने दिवा मालवला.

अंधुक उजेडात समोरची हिरवळ पाण्यासारखी करडी दिसू लागली. तो पायरीवर बसला, पाय वर घेऊन. मी शेजारी बसलो. दिवा लावावासा वाटला नाही. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर मीही पाय वर घेतले होते.