ड्रिलबाईंचा पाऊण तास

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या वसाहतीत बायका रिकाम्या हातांनी रस्त्यावर दिसत नसत. भाजीची पिशवी, दुधाची किटली, निदान देवळात न्यायची फुलांची परडी तरी हातात असेच. ड्रिलबाई मात्र दोन्ही हात मोकळे सोडून, ते चांगले झुलवत भर रस्त्यातून चालत. साठीला टेकलेल्या, काटकुळ्या, पाचवारी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. तीस वर्षं त्यांनी शाळेत पोरींना कवायत शिकवली होती. निवृत्त झाल्यावर समोर पोरी उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी पोरींच्या आया धरल्या.

पन्नाशी उलटलेल्या बायका त्या हेरून ठेवत. "पाळी गेली म्हणजे सुटलो असं वाटतं ना तुम्हाला?" त्या जिन्याखाली उभ्या राहून विचारत. "अहो, इतकी वर्षं काळजाला आतून राखण होती, ती उठली. आता राखण आपली आपणच करायची." बायका पदर तोंडाला लावून इकडेतिकडे बघत. 'पाळी' हा शब्द रस्त्यात मोठ्याने उच्चारणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि कामाशिवाय नुसतं चालायचं? लोक काय म्हणतील? बाईंनी त्यावरही तोडगा काढला. "पिशवी घ्या हातात. लाज पिशवीत भरा आणि चला." मग रोज पहाटे सातआठ जणी रिकाम्या पिशव्या घेऊन वसाहतीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, पाऊण तास चालू लागल्या. भाजीवाला तोवर उठलेलाही नसे.

चालीचा वेग मोजायची त्यांची रीत होती. "बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता आलं तर समजा तुम्ही चालत नाही, मिरवताय." कुणी रेंगाळली की मागून "हात!" अशी आरोळी येई. सगळ्यांत जास्त आरोळ्या माझ्या आईने खाल्ल्या.

आई बावन्नची होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ती पहिल्या मजल्यावर थांबून पिशवीत किल्ली शोधायची. आम्हाला घरात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाईंना दिसलं. "वहिनी, किल्ली रोज पहिल्या मजल्यावरच कशी हरवते हो?" आईचा चेहरा पडला. बाईच तिला उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, दाब बघितला आणि म्हणाले, "माताजी, दवाई मैं लिख देता हूँ, लेकिन चलना आपको ही पड़ेगा।"

आई चालू लागली. सहा महिन्यांत ती दोन्ही जिने न थांबता चढायला लागली. चालून आल्यावर तिचा चेहरा लाल झालेला असे आणि ती चहा पिताना बाबांना टाकीजवळच्या गप्पा सांगे. तिला मैत्रिणी आहेत हे मला तेव्हा कळलं.

मग माझं बाळंतपण आलं. पहिलं, म्हणजे माहेरी. आई पहाटे उठून पाणी तापवायची, बाळाला चोळून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळायची. बाई खालून हाक मारत. आई खिडकीतून सांगे, "सव्वा महिना होऊ दे हो बाई." सव्वा महिना झाला. मी बदलापूरला, कुळगावात, आमच्या घरी परतले आणि ठाण्याच्या ऑफिसात रुजू झाले. मुलाला ठेवणार कुठे? रोज सकाळी सहाला मी त्याला आईच्या कडेवर देऊन पुढची गाडी पकडायची. सव्वा महिन्याचं दीड वर्ष झालं. आई पुन्हा पहिल्या मजल्यावर किल्ली शोधू लागली आणि मी पुन्हा काही पाहिलं नाही.

एका सकाळी बाईंनी मला फाटकात गाठलं. "शैला, आईला तिचा पाऊण तास परत दे. नवऱ्याला म्हणावं, थोडा वेळ तू सांभाळ पोराला. नाहीतर मी बसते त्याच्यापाशी."

मला गाडीची घाई होती. आणि खरं सांगायचं तर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. "आमच्या घरातलं आम्ही बघू, बाई," मी म्हणाले. त्या बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवसापासून खिडकीखाली हाक आली नाही. मला तर बरंच वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी मुलाला घेऊन गेले तेव्हा आईला घाम फुटला होता. पाठीत आणि जबड्यात दुखतंय म्हणाली. "पित्त झालंय गं, काल वडे खाल्ले ना." आदल्या वर्षी बाबांच्या छातीत साधी कळ आली तर आम्ही पाच मिनिटांत रिक्षा आणली होती. आईला मी पित्ताची गोळी दिली, मुलाला तिच्याजवळ ठेवलं आणि गाडी पकडली. बाबा पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेले. पोर फार वेळ रडतंय म्हणून शेजारच्या काकूंनी दार ढकललं, तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर बाई आल्या. जेवढं बोलतील तेवढं ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"माझं चुकलं गं, शैला. तू बोललीस ते मी मनाला लावून घेतलं. पंधरा दिवस रुसून बसले, पोरीसारखी. जिन्यात तिला धाप लागताना बघितलं, तरी हट्टाने वर आले नाही. मला माफ कर."

मी बोलायला हवं होतं. बाई, तुमचं नाही, माझं चुकलं, एवढंच. शब्द ओठापर्यंत आले होते. पण बाबा बसले होते, नवरा बसला होता, आणि कुणीतरी दोष स्वतःकडे घेतोय याचं मला, मेलीला, हायसं वाटलं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "असू दे, बाई."

त्यानंतर बाईंनी कुणाच्याच खिडकीखाली हाक मारली नाही. बायका चारआठ दिवस आपल्या आपण फाटकाशी जमल्या, मग पांगल्या. पुढे बाई खरवईला भाच्याकडे राहायला गेल्या. कुळगावातून ते अंतर त्यांच्या चालीने अर्ध्या तासाचंही नव्हतं. येत्या रविवारी जाऊन सांगून टाकू, असं मी सहा वर्षं म्हणत होते. मग एक दिवस बाजारात त्यांचा भाचा भेटला. बाई जाऊन महिना झाला होता. "शेवटी शेवटी तुमच्या आईचं नाव घ्यायच्या," तो म्हणाला, "तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत, असं सगळ्यांना सांगायच्या."