लॅब बंद, केसपेपर चालू

चिखलीच्या एका खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. रुजू झाले तेव्हा तिथे दिवसातून निदान एकदा तरी आरोळी ऐकू यायची, "सगळ्यायनं सेव्ह करा वोऽ!" ही आरोळी मारत लॅबवाल्या ताई पॅसेजमधून पळत यायच्या. रिपोर्टचा प्रोग्रॅम अडकला की तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे, आणि तो बंद केला की केसपेपरची खिडकी आणि औषधांचा काउंटरही थांबे. कारण हे तिन्ही प्रोग्रॅम मागच्या खोलीतल्या एकाच मशीनवर, एकाच ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये चालत. एकाला उठवायचं तर तिघांना झोपवावं लागे.

रांगेतल्या लोकांना हे कोण सांगणार? सुलतानपूरकडून सकाळच्या गाडीनं आलेला माणूस खिडकीपाशी पोचायचा आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटरचा पडदा अडकायचा. मग तो चिडायचा ताईंवर. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या ताई चक्क हात जोडायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, मी रक्त काढाले शिकली, माफी मागाले नाही."

ते मला फार लागलं.

प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं, तीन वेगळी मशीन घ्या. डॉक्टरसाहेबांना ते पटतही आलं होतं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मशीन धडधाकट आहे. बरीचशी मेमरी तर रिकामीच असते. याच मशीनवर तीन सर्व्हर वेगवेगळे चालवू."

"चालतात तसे?"

"चालतात."

"तुम्ही चालवलेत कधी?"

"नाही."

ते हसले. "रविवारी करून बघा. ओपीडी बंद असते."

रविवारी मी पोचले तर ताई आधीच हजर. "मी केसपेपरच्या खिडकीवर बसते," त्या म्हणाल्या. "काही झालं तं तिथूनच सांगते."

सर्व्हरचा मूळ प्रोग्रॅम मी एकच ठेवला, पण तो तीनदा स्वतंत्रपणे चालेल अशी मांडणी केली. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, मेमरीचा वाटा ठरलेला आणि पोर्ट वेगळा. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर. घर एकच, पण केसपेपरनं या दारातून यायचं, लॅबनं त्या. पहिल्या फोल्डरच्या नकला करून मी दारांचे नंबर बदलले आणि केसपेपरचा सर्व्हर सुरू केला. झकास चालला. लॅबचा मात्र सुरू झाल्यासारखा करून लगेच बसला. अर्धवट चालू असेल म्हणून मी त्याला बंद होण्याचा हुकूम दिला.

"मॅडम, बंद पडलं वो!" बाहेरून आवाज आला.

"हो ताई, लॅबचं मीच बंद केलं."

"लॅबचं नाही, केसपेपरचं!"

म्हणजे वेगळं करूनही एकाचा जीव दुसऱ्यात अडकलेलाच? कंपनीचं खरं निघणार की काय? मी सर्व्हरच्या नोंदी उघडून ओळ न् ओळ वाचायला लागले, आणि सापडलं. प्रत्येक सर्व्हरला आणखी एक छोटं दार असतं. त्यातून फक्त 'बंद हो' हा हुकूम आत जातो. त्याचा नंबर बदलायचा मी विसरले होते. ते दार केसपेपरनं आधीच अडवलेलं, म्हणून लॅब उभी राहीना. आणि लॅबला दिलेला हुकूम सरळ केसपेपरच्या कानावर गेला.

नंबर बदलले. तिन्ही सर्व्हर उभे राहिले. मग लॅबचा बंद केला.

"ताई, चालू हाय का?"

"चालू हाय!"

औषधांचा बंद केला.

"आता?"

"हाव, चालूच हाय! परत करा बरं एकडाव!"

त्यांनी मला इतक्यांदा करायला लावलं की शेवटी माझाच हात दुखला.

खरी परीक्षा बाजाराच्या दिवशी झाली. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि लॅबचा प्रोग्रॅम अडकला. ताई माझ्या दाराशी आल्या, पण ओरडल्या नाहीत. मी लॅबचा सर्व्हर बंद केला आणि आम्ही दोघी जाऊन केसपेपरच्या खिडकीकडे बघत उभ्या राहिलो. प्रिंटर करकरत होता. एका आजीबाईंनी केसपेपर घेतला, घडी करून कमरेला खोचला नि पुढे सरकल्या. मागचा माणूस खिडकीत वाकला. पलीकडे औषधांची बिलं निघत होती. आमच्याकडे कोणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मी आत जाऊन लॅब सुरू केली.

"काऊन वो, कोणीच काही म्हणून नाही राह्यलं?" ताईंचा विश्वासच बसेना.

"काही झालंच नाही तर काय म्हणतील?"

तेवढ्यात डॉक्टरसाहेब केबिनमधून बाहेर आले. "लॅब बंद होती म्हणे मघाशी?"

"होती, सर."

"मला कळलंच नाही."

नोकरीत कौतुक बरंच ऐकलंय, पण या तीन शब्दांची सर कशालाच नाही. माझी मान आपोआप ताठ झाली. ते जाता जाता थांबले. "सोनोग्राफीचाही प्रोग्रॅम घ्यायचा विचार आहे. तोही याच मशीनवर बसेल?"

मी मनातल्या मनात मेमरीचे वाटे मांडले. "आरामात बसेल, सर."

दुपारी जेवताना ताईंनी डब्यातली भरल्या वांग्यांची भाजी जवळजवळ सगळीच माझ्या ताटात वाढली. मी पुरे पुरे म्हणत होते.

"खा गुमान," त्या म्हणाल्या, "अजून चौथं बसवाचं हाय तुमाले."