देवगाव फाट्यावर मारलेली हाक

आई जेवेना, एवढंच दुःख होतं आणि तेवढं पुरेसं होतं. देवगाव फाट्यावर ती एसटीतून उतरत असताना गाडी हलली आणि ती रस्त्यावर पडली. जिंतूरच्या डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत होतं. पण तेव्हापासून तिनं बोलणं टाकलं, भाकरीकडं पाठ फिरवली. चमचाभर पेज, तीही मी रडकुंडीला आल्यावर. विहारात वंदना म्हणताना मनात यायचं, याचा काही उपयोग आहे का?

अशात लेकीसोबत आमचे व्याही अमेरिकेहून आले. लेकीनं, सुजातानं, तिकडंच लग्न केलेलं, जावई ह्मोंग. लाओसच्या डोंगरातली ही माणसं युद्धानंतर देशोधडीला लागली. व्याही तेव्हा लहान. आईच्या पाठीला बांधलेले असे नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत पोचले, तिथून पुढं अमेरिकेला. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या गावात, चारठाण्यात, मी थाटात ओळख करून दिली, "हे आमचे जपानचे पाहुणे!" सुजातानं कपाळाला हात लावला.

व्याह्यांचं मानपानाकडं लक्षच नव्हतं. ते थेट आईच्या खाटेजवळ बसले आणि सुजाताकरवी विचारलं, "ह्या घाबरल्या कुठं?" त्यांच्यात असं मानतात, की माणूस दचकून पडला की त्याचा आत्मा तिथंच राहतो, घरच्यांनी जाऊन हाक मारून आणायचा. तिकडं कुणी म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी आलं, की व्याही सुट्टीच्या दिवशी आपणहून हेच करायला जातात. आता माझी पंचाईत बघा. भगवान बुद्धांनी आत्मा नाकारला, मी त्यावर विहारात भाषणं ठोकलेली, आणि माझे व्याही तो फाट्यावर शोधायला निघाले! पण व्याह्यांना नाही म्हणायची सोय कुठं असते?

फाट्यावर त्यांनी वाटीत तांदूळ घेऊन वर अंडं ठेवलं, उदबत्ती लावली. हाक मात्र लेकानंच मारायची. मी पुटपुटलो.

"बाबा, मोठ्यानं," सुजाता म्हणाली.

चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, कुणाला बोलवायलाव? बस तर गेली की!"

सगळे खो खो हसले. मी लाजेनं अर्धा झालो. तेव्हा व्याह्यांनी हळूच सांगितलं: नदी ओलांडल्यावर त्यांची वाचा गेली होती. त्यांची आई छावणीच्या कुंपणाशी उभी राहून, शिपाई हसत असताना, नदीकडं तोंड करून त्यांना हाका मारत होती.

मग मी मागचापुढचा विचार केला नाही. "माय, चल घरी! भाकर निवायलीय!" असा ओरडलो, की टपरी गप्प झाली.

घरी आलो तर बातमी आमच्याआधीच पोचलेली. आलेला आत्मा पुन्हा भरकटू नये म्हणून व्याह्यांनी आईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. ती माझ्याकडं वळली.

"फाट्यावर बोंबलत व्हतास म्हणं?" आईचा आवाज! "लय येडं हाय माझं लेकरू. आण भाकर."

आत्मा परतला, की लेकाची फजिती ऐकून म्हातारीला हसू फुटलं? न राहवून मी व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, "जेवल्या ना?"

शरण जाणं म्हणजे विहारात नीट मांडी घालून बसणं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. त्यासाठी चारचौघांत हसं झालं तरी चालेल, इतकं कुणीतरी हवंसं वाटावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. व्याह्यांचे आभार मानायला त्यांच्या भाषेतला एकही शब्द मला येत नव्हता. नुसते हात जोडले. त्यांनी त्या जोडलेल्या हातांनाही एक दोरा बांधला.