एकाच दिवशी दोन गाठी

मागच्या महिन्यात सकाळीच अकोल्याहून इरफानचा फोन आला. "काकू... नसरीन नाही राहिली." एकतीस वर्षांची पोर. मी सहासष्टची. रोग दोघींना एकच, स्तनाचा कॅन्सर...

अमरावतीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर ती दोघं नवरा-बायको भाड्यानं राहायची. नसरीन कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. इरफान संत्र्यांचा व्यापारी, सीझनमध्ये मुक्काम वरूडलाच. दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. घाबरून मी गप्प होते. तिनंच ते माझ्याकडून काढून घेतलं आणि तिच्या माहेरी, अकोल्याला, सर्जनकडे मला घेऊन निघाली. कडेवर तान्ही आलिया. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा बसमध्ये पोरीला पाजता पाजता ती सहज म्हणाली, "काकू, मले बी गाठ लागून राहिली. दुधाची असन. डॉक्टरीणबाई म्हणे, या वयात काही नसते."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने. वाढून राहिली जराशी."

"मंग आज तू बी दाखव."

"आज तुमचं काम हाये ना काकू," ती हसली. मी ऐकलं नाही.

सर्जनांनी मला तपासताना चार गोष्टी विचारल्या. तिला तपासताना त्यांचा हात काखेत थांबला आणि बोलणंच बंद झालं. दोघींच्या गाठींचे तुकडे तपासायला गेले. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही एका घरात राहून एकमेकींची नजर टाळत होतो. वर आलिया रडली, की खाली माझ्या हातातलं काम थांबायचं.

माझी गाठ माझ्या वयात बहुतेकींना होते तशी निघाली. हार्मोनवर पोसणारी, हळू वाढणारी, कुठे न पसरता सापडलेली. तिची मात्र तरुण बायकांत जास्त दिसणारी, हार्मोनशी संबंध नसलेली जात, काखेपर्यंत पोचलेली. डॉक्टर म्हणाले, "तरुणपणी कमी जणींना होतो. पण झाला तर बरेचदा असा धावतो, आणि कोणाला शंकाच येत नाही म्हणून उशिरा सापडतो."

नसरीननं एवढंच विचारलं, "आता पोरीले पाजता येईन का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिनं आलियाला माझ्याकडे दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

ऑपरेशननंतर मी सावरले. तिची केमो झाली, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. डोक्याला स्कार्फ बांधून ती पुन्हा वर्गात उभी राहिली. आम्हाला वाटलं, जिंकलो. मग खोकला सुरू झाला. साधा वाटला... फुप्फुसात पोचलं होतं.

मला हार्मोन रोखणारी रोज एक गोळी आहे, पाच वर्षं. तिच्या गाठीला तशी गोळीच नव्हती. तरी रोज सकाळी ती जिन्यावरून विचारायची, "काकू, गोळी घेतली काय?" शेवटी अकोल्याला भरती असतानाही, फोनवर, धापा टाकत, तेच.

आता वरची खोली रिकामी आहे. सकाळी गोळी तळहातावर घेते आणि कान जिन्याकडे लागतात. विचारणारं कोणी नसतं. मग मीच मोठ्यानं म्हणते, "घेऊन राहिली, नसरीन." आणि गिळते.