कडीवरचा हात

अग्निशमन खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात सगळे त्यांना कडीमास्तर म्हणत. धुराच्या खोलीच्या दाराशी ते उभे राहत आणि आत कोणी कितीही आकांत केला तरी कडी काढत नसत. "आग काय तुमची मावशी आहे, दार उघडून द्यायला?" असं वर सुनावत. मी तिथे धुरात श्वास घ्यायचे मुखवटे सांभाळायचो. मला हा माणूस कधी आवडला नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेला जवान आगीत गडबडत नसे, हेही खरं.

नियम सोपा. जोडीने आत शिरायचं, काळोखात जमिनीवरची पाण्याची नळी चाचपत कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दाराने बाहेर यायचं. मास्तरांना कडी काढावी लागली की नापास.

त्या दिवशी आत त्यांचा जावई होता. एकदा नापास झालेला. पुन्हा झाला असता तर कायमचा कचेरीत, टेबलाशी. मास्तरांच्या मुलीला तेच हवं होतं. सकाळी फाटकापाशी माझ्या देखत ती म्हणाली, "बाबा, नुसती कडी काढा. माझ्यासाठी एवढंच करा." मास्तर आत गेले.

बाकीच्या जोड्या केव्हाच बाहेर येऊन घाम पुसत बसल्या होत्या. आत काहीतरी धाडकन पडलं. एक दबकी हाक आली, मग काहीच नाही. मास्तरांचा हात कडीवर गेला. मुलीसाठी काढतायत की जावयासाठी, मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

"अहो, काढा ना!" मीच ओरडलो.

"गप्प बस!"

तेवढ्यात दुसऱ्या दारातून जावई रांगत आला. भेदरून गळाठलेल्या जोडीदाराचा पट्टा त्याच्या मुठीत होता. त्याला त्याने फरफटतच आणलं होतं. मास्तरांनी हात खाली घेतला.

"पास," ते म्हणाले.

संध्याकाळी मुलगी फाटकाशी उभीच होती. कधी नव्हे ते मास्तर समजावण्याच्या सुरात बोलू लागले. "अगं, एकटा आला असता तर केव्हाच बाहेर आला असता. पण सोबत्याला सोडलं नाही त्यानं!"

"आणि सोडून आला असता तर?"

"तर नापास. तिथल्या तिथे."

"सोडून येणारा नवरा मला चालला असता, बाबा. घरी तरी आला असता."