मामांचा रविवारचा प्रश्न

मामांनी आपल्या मुलीला दोन वर्षांत एकदाही गुण विचारले नाहीत. डॉक्टरकीच्या तयारीसाठी आलेल्या मुलींच्या लातूरच्या वसतिगृहात रविवारी पालकांची गर्दी होई. प्रत्येक जण आल्या आल्या चाचणीतला आकडा विचारी. मामा जिन्याच्या पायरीवर डबा उघडत, भाकरी मोडत आणि मुलीला विचारत, “मंगल, ह्या हप्त्यात कवा हसलीस?” ती आठवून सांगे. मग ती विचारी, “आन् तुमी, आबा?” तेही सांगत. भेट संपे.

हा गृहस्थ वेडा आहे, असे माझे पहिले मत झाले.

मामा अर्धापूरचे केळी बागायतदार. वसतिगृहातल्या झाडून साऱ्या मुलींसाठी केळी आणत, म्हणून साऱ्यांचेच मामा. मी लोह्याच्या शाळेत गणित शिकवत असे. नांदेडहून निघालेल्या सकाळच्या एसटीत ते शेजारच्या जागेवर डबा ठेवून येत. लोह्याला मी चढलो की तो मांडीवर घेत. “बसा सर, जागा तापवून ठेवलीय डब्यानं.” वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आम्ही दोघेही तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले.

एकदा मी म्हणालो, “आता आपल्या आयुष्यात नवे काही व्हायचे उरले नाही.”

“हाव सर,” ते शांतपणे म्हणाले. “केळ निसवली, घड बाहेर आला, की तिला पुन्हा नवीन पान येत न्हाई. हाय त्या पानांवर घड पोसायचा. म्हणून तर आमी शेवटची पानं लई जपतो.” मी पन्नाशीकडे झुकलेला पदवीधर, या प्रश्नाचा इतका सरळ विचार माझ्याने कधी झाला नव्हता.

माझी रीत वेगळी होती. खिशात लाल पेन असे. विद्या, माझी मुलगी, जिना उतरून आली की आधी उत्तरपत्रिका, मग डबा. चूक ताजी असतानाच दाखवावी, असे मी म्हणत असे. तोवर डबा गार होई. एका रविवारी गुण फारच कमी दिसले. मी डबा न उघडता परत नेला.

पुढच्या रविवारी विद्या खाली आली नाही. तिच्या खोलीतली मुलगी कागदांची चळत घेऊन आली. “काका, विद्यानं पेपर दिलेत. ती येणार न्हाई म्हणाली. पुढच्या रविवारी बी न्हाई.”

मी ती चळत धरून अंगणात उभा राहिलो.

मामा पायरीवरून सारे पाहत होते. त्यांच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. मंगलने नेहमीचा प्रश्न विचारला. मामांनी आवाज थोडा चढवला, वर गॅलरीत ऐकू जाईल इतका.

“शुक्रवारी वारं आलं. बाग आडवी झाली. समदी.”

मंगलचा घास हातातच राहिला.

“आगं, जेव. ऐक पुढं. सकाळी बघतो तर म्हस दावं तोडून बागेत! वरीसभर तिला काठी दाखवून राहिलो, पानाला तोंड लावू दिलं न्हाई. आता समदी बाग तिच्या तोंडापाशी, तरी खाईना. नुस्ती माझ्याकडं बघून राहिली, मालक काय म्हणतो म्हणून. म्हणलं, खा माय, आज तुझी जत्रा हाय! आन् मला जे हसू फुटलं, तिथंच चिखलात बसलो.”

वरच्या गॅलरीत कुणी मुलगी खळखळून हसली. भेटीच्या वेळी असले हसणे मला शिस्तीचे वाटले नाही. “कुणाची आहे ही?” मी विचारले.

मामांनी वर पाहिले. “सर, तुमची हाय.”

मी मान वर केली नाही. मला ते जमले नाही. मामांनीच हाक मारली, “ये गं बाई खाली, केळी संपून राहिलीत.” विद्या आली. मी डबा पुढे केला. आम्ही दोघे जेवलो. पेन खिशातच राहिले. त्या दिवशीच नव्हे, पुढेही.

परतताना मी विचारले, “एवढी बाग गेली, आणि तुम्ही आलात कसे?”

“पडल्या झाडापाशी बसून काय करू, सर? रविवार हाय. ती वाट बघती.” एवढे बोलून त्यांना झोप लागली. डोके माझ्या खांद्यावर आले. लोह्यापर्यंत मी हललो नाही.

उतरताना त्यांनी डोळे उघडले. “सर, तुमी कवा हसलात?”

“माझा थांबा आला,” मी म्हणालो आणि उतरलो.

मामांना जाऊन आता तीन वर्षे झाली. ते उत्तर त्यांना द्यायचे राहिले ते राहिलेच. विद्या डॉक्टर झाली नाही. ती उदगीरच्या शाळेत शिकवते आणि रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मी तिला मामांचा प्रश्न विचारतो. ती सांगते, मग विचारते, “आणि तुम्ही, बाबा?”

मी शनिवारीच आठवून ठेवलेले असते. तयारीवाचून उत्तर देण्याची मला सवय नाही.